मागांच्या खडखडाटात विचारलेलं

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. इचलकरंजीत यंत्रमागांच्या गल्लीत जन्मले. तिथे हळू बोलणाऱ्याला कुणी विचारत नाही. आमच्या घराला लागूनच शेड होती आणि तिच्यात चोवीस माग दिवसरात्र खडखडत असायचे. नवरा मिळाला पुण्याचा. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने मला बिचकत विचारलं होतं, "तू चिडलीयेस का?" मी म्हटलं, "अरे, चहा घेणार का विचारतेय." वीस वर्षं झाली, परदेशात येऊन पॉइंट कुकला घर झालं, मुलगी कॉलेजला जायच्या वयाची झाली, तरी त्याला अजून कधीकधी फरक कळत नाही.

तर अशी मी, आणि माझे वडील बहिरे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी त्या शेडमध्ये माग चालवले, कानात कापसाचा बोळासुद्धा न घालता. आईही तिथेच कामाला होती. ती कांड्या भरायची. मागावर आडवा धागा घेऊन जो लाकडी धोटा इकडून तिकडे पळतो, त्याच्या पोटात सुताची एक बारकी नळी बसते, ती कांडी. दिवसाला शेकडो कांड्या. अण्णा विणायचे, आई भरायची, आणि आम्ही दोघं भावंडं त्या आवाजात अभ्यास करायचो. सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की आम्हाला झोप यायची नाही.

दीड वर्षापूर्वी आई गेली. न्यूमोनियाचं निमित्त झालं. सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी इथे तिकिटाच्या मागे लागले होते आणि भावाच्या फोनवरून तिच्याशी बोलत होते. ती सारखी मास्कला हात घालत होती. "हे काढा जरा. दोन मिनिटं काढा. मला ह्यांच्याशी बोलायचंय." मी फोनवरून ओरडले, "आई, मास्कला हात लावायचा नाही! तशीच बोल ना, अण्णा शेजारीच आहेत, ऐकू येतंय त्यांना!" भाऊही तेच म्हणाला. शेवटी ती दमली आणि मला म्हणाली, "मग तूच सांग त्यास्नी. म्हणावं, मला कळलं हुतं. पयल्यांदाच कळलं हुतं."

मी म्हटलं, सांगते. काय कळलं होतं, कधी कळलं होतं, विचारायचं सुचलंच नाही. संध्याकाळी अण्णांना फोन लावला आणि शब्दन् शब्द ओरडून सांगितला. पलीकडून आवाज आला, "बरं, बरं." बस्स. दुसऱ्या दिवशी मी विमानात असताना आई गेली.

ते 'बरं, बरं' माझ्या मनात रुतून बसलं. बायकोने शेवटचा निरोप धाडला आणि ह्या माणसाने बाजारहाटाचा निरोप असल्यासारखं 'बरं' म्हणावं? आईच्या दिवसांच्या वेळी मी पंधरा दिवस गावी होते, पण पाहुण्यांनी भरलेल्या घरात हा विषय काढणार कसा? अण्णांशी बोलायचं म्हणजे चार घरांना ऐकू जाईल असं बोलायचं. आईला नेमकं काय कळलं होतं, हे मला मनापासून जाणून घ्यायचं होतं. पण काही गोष्टी ओरडून विचारता येत नाहीत. मी गप्प राहिले आणि मनातल्या मनात अण्णांवर चिडले.

आठ महिन्यांनी त्यांना वर्षभराच्या व्हिसावर इकडे आणलं. वाटलं, हवापालट होईल, नात सोबतीला असेल, आपणही एकदा निवांत बसून बोलू. कसलं काय! अण्णा आले आणि घरात एक शांत माणूस वाढला, इतकंच. ताटावर बोलावलं की यायचे, 'भाजी कशी झालीय' विचारलं की मान डोलवायचे. चांगली म्हणून डोलवली की ऐकू आलं नाही म्हणून, पत्ता लागायचा नाही. कानाची मशीन घेतली. भारीतली घेतली. अण्णांनी दोन दिवस लावली आणि म्हणाले, "ह्यात नुसता वारा वाजतोय." पॉइंट कुकला खाडीवरून वारा सुटला की तो बारा महिने वाजतो हे खरंच, पण मशीन गेली ती गेलीच. पुढे ती मला मेथीदाण्याच्या डब्यात सापडली. तिथे का ठेवली, विचारलं तर मान डोलवली.

मग मी काय करणार? आवाज चढवला. स्वयंपाकघरातून हाक, जिन्यावरून हाक, बाथरूमच्या दारावर थाप आणि हाक. एकदा मुलगी वरून खाली आली आणि म्हणाली, "मॉम, यू आर येलिंग ॲट हिम." मी ओरडले, "आय ॲम नॉट येलिंग!" ती परत वर गेली.

आणि सगळ्यात जास्त कशाचा राग यायचा सांगू? आईचं ह्यांना बरं ऐकू यायचं! आई कधी आवाज चढवून बोलली नाही. कुजबुजल्यासारखं बोलायची आणि अण्णा लगेच उत्तर द्यायचे. लहानपणापासून आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे कान होते, मनच नव्हतं. एकदा तर मी तोंडावर म्हणाले, "आईचं ऐकायचं होतं म्हणून ऐकू येत होतं. माझं ऐकायचंच नाहीये तुम्हाला." अण्णा माझ्याकडे एकटक बघत राहिले, मग उठून गॅरेजमध्ये जाऊन बसले.

गॅरेज ही त्यांची जागा झाली होती. सकाळी शटर वर करायचं, प्लास्टिकची खुर्ची टाकायची आणि रस्त्याकडे बघत बसायचं. आमच्या वसाहतीत अशी पाच-सहा घरं आहेत. दुपारी चक्कर मारली तर उघड्या गॅरेजमध्ये कुणाचे तरी आईवडील बसलेले दिसतात. कुणी शेंगा सोलत असतं, कुणी नुसतंच. अण्णा नुसतेच बसायचे.

शेजारच्या घरात एक सत्त्याण्णव वर्षांची इंग्लिश आजी आपल्या मुलीजवळ राहते. मुलगी स्वतः सत्तरीची, निवृत्त नर्स. आजी रोज अकराच्या सुमाराला चाकांचा वॉकर ढकलत फूटपाथवर दोन फेऱ्या मारते. माझ्याशी तिची ओळख 'हॅलो, लव्ह' आणि 'वारा काय सुटलाय आज' एवढीच. ती सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणते, पोस्टमनलासुद्धा. अण्णांना ती हात करायची, अण्णा नमस्कार करायचे.

बुधवार होता. बुधवारी आणि शुक्रवारी मी घरून काम करते, एरवी विल्यम्स लँडिंग स्टेशनहून ट्रेनने ऑफिस. पुढच्या खोलीत मीटिंगमध्ये होते आणि समोरच्या घराचं गवत कापायला माणूस आला. त्याचं ते मशीन सुरू झालं म्हणजे विचारू नका. मी स्वतःला म्यूट केलं, खिडकी लावायला उठले आणि तशीच उभी राहिले.

आमच्या गॅरेजच्या तोंडाशी आजी वॉकरच्या सीटवर बसली होती. समोर अण्णा. त्या दणदणाटात आजीचे ओठ हलत होते, सावकाश, मोठेमोठे, भाकरीचा घास चावल्यासारखे. मग तिने दोन बोटांची चिमूट ओठांशी नेली आणि गाल आत ओढून जोरात श्वास घेतला. अण्णा ताडकन खुर्चीतून उठले. त्यांनीही चिमूट ओठांशी नेली, तसाच श्वास ओढला आणि आपल्या पुढच्या तुटक्या दाताला बोट लावून दाखवलं. आजीने आपली कवळी दाखवली. आणि माझे अण्णा हसले, अगदी मान मागे टाकून. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मीटिंग गेली खड्ड्यात. मी बाहेर धावले.

गवतवाला थांबला तेव्हा आजीने मला सांगितलं, "तुझे वडील विणकर आहेत. तू बोलली नाहीस कधी."

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"ते माणसाच्या डोळ्यांकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. माझी आई अशी बघायची. आमच्या गावात सगळेच असे बघायचे."

आजी लँकेशायरची. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिचे आईवडील तिथल्या कापडगिरणीत होते. शेडमध्ये शेकडो माग, कानठळ्या बसायच्या, म्हणून तिथल्या बायका आवाजाशिवाय बोलायच्या, नुसत्या तोंडाने आणि हातांनी. चार माग सांभाळता सांभाळता वीस हातांवरच्या मैत्रिणीला कालच्या भांडणाची अख्खी हकिगत सांगायच्या. आजी चौदाव्या वर्षी गिरणीत गेली, पण ही भाषा ती त्याच्या कितीतरी आधी घरीच शिकली होती. आणि ती चिमूट? धोट्याच्या बारक्या भोकातून धागा बाहेर काढायला तोंड लावून ओढायची पद्धत. लँकेशायरला तशीच आणि इचलकरंजीलाही तशीच. दात तिथेही गेले आणि इथेही.

"पण लव्ह," आजी म्हणाली, "एक सांगू? राग मानू नकोस. मला आमच्या खिडकीतून तू दिसतेस. तू ओरडतेस तेव्हा तुझं तोंड वेडंवाकडं होतं. त्यातून त्यांना काय वाचता येणार? तू जितकी ओरडतेस तितकी त्यांना कमी कळतेस."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. मी आत आले, ओट्याला टेकून उभी राहिले आणि आई आठवायला लागले. नुसती आई नाही, आईची बोलायची रीत. भाकरी थापताथापता ती हात पुसायची, वळायची, अण्णांच्या कोपराला बोट लावायची आणि मग बोलायची. कधी पाठमोरं राहून बोलली नाही. पदर तोंडाशी गेला असला तर आधी खाली घ्यायची. जेवताना तिची जागा ठरलेली, बल्बच्या समोर, उजेड तोंडावर पडेल अशी. आम्हाला वाटायचं तिला तिथे वारा लागतो. आणि लोडशेडिंग! लाइट गेली की दोघं बोलताबोलता मध्येच थांबायचे आणि लाइट येईपर्यंत गप्प बसायचे. आम्ही भावंडं चेष्टा करायचो, आईअण्णांचापण करंट गेला म्हणून.

अगं बाई! ह्या माणसाला तिचंही ऐकू येत नव्हतं. कधीच नव्हतं. आई आवाज काढतच नव्हती, म्हणून आम्हाला ते कुजबुजणं वाटायचं. तिने चाळीस वर्षं ह्यांना आपलं तोंड वाचू दिलं आणि ह्यांचा कान किती गेलाय ह्याचा आम्हाला पत्ता लागू दिला नाही. आणि मी काय म्हणाले होते? आईचं ऐकायचं होतं म्हणून ऐकू येत होतं. त्या दिवशी मी ओट्यापाशी खूप रडले. मग तोंड धुऊन मीटिंगवाल्यांना मेसेज टाकला, इंटरनेट गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी शिकायला लागले. आजी मास्तरीण. नियम साधे होते. आधी स्पर्श करायचा, मग उजेडात तोंड आणायचं, मग कशाबद्दल बोलतोय ते आधी सांगायचं आणि मग बाकीचं. घाई नाही. आणि आवाज अजिबात नाही, कारण मी आवाज काढला की सवयीने तो चढतो आणि तोंड बिघडतं. आरशासमोर उभी राहून मी 'अण्णा, वांगं करू का दोडका' असं नुसत्या ओठांनी म्हणत होते, तेव्हा नवरा दारातून बघून गेला. म्हणाला काहीच नाही. घरात एवढी शांतता त्याला पहिल्यांदाच मिळत होती, तो कशाला तोंड उघडेल?

अण्णांना पहिल्यांदा तसं विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सरळ उत्तर दिलं, "दोडका. पण चटणी जरा जास्त टाक. तू हल्ली पुण्यावानी करायलीस." सहा महिन्यांत एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. मला भाजीवरून टोमणा मिळाला आणि मी आनंदाने नाचायची बाकी होते.

मग बुधवार-शुक्रवारचं ठरूनच गेलं. माझ्या जेवणाच्या सुट्टीत आजी गॅरेजमध्ये यायची, मी चहा करायचे आणि मध्ये बसून दोन्हीकडचं भाषांतर करायचे. इकडे इंग्रजी, तिकडे ओठांची मराठी. आजी तिच्या आईवडिलांच्या गोष्टी सांगायची. पहाटे एक माणूस लांब काठी घेऊन गल्लीतून फिरायचा आणि माडीच्या खिडक्या वाजवून लोकांना कामाला उठवायचा. तो त्याचा धंदा. "मग त्याला कोण उठवायचं?" अण्णांनी विचारलं. आजीला हसू आवरेना, म्हणाली, लहानपणी आम्हीपण हेच विचारायचो.

गल्लीतल्या पोरींना दोनच वाटा, आजी सांगायची. गिरणी, नाहीतर बड्या लोकांच्या घरी चाकरी. तिची मावशी चाकरीला गेली होती. तिथे मालक जिन्यात समोर आला तर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. दुसरी मावशी शाळेत शिकवायची. लग्न ठरलं आणि नोकरी सुटली, कारण लग्न झालेली बाई त्यांना शाळेत चालत नव्हती. गिरणीत मात्र चालायची. पोरं शेजारणीकडे टाकून बायका मागावर उभ्या राहायच्या. "आवाज होता, धूळ होती, पण माझी आई कुणासमोर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली नाही," आजी म्हणाली. अण्णांनी मला ते दोनदा सांगायला लावलं.

आजीचे वडील गिरणीत माग दुरुस्त करायचे. आमच्याकडे त्याला जॉबर म्हणतात. कापडाला गिऱ्हाईक नाहीसं झालं, तसे माग बंद पडत गेले आणि वडील घरी बसले. आईचे चार माग मात्र चालू राहिले. मग वडिलांनी घर हातात घेतलं. ब्रेड भाजायचे, कपडे धुवायचे. पण उंबऱ्याची पायरी घासायची ती पहाटे अंधारात, कुणी उठायच्या आत. आणि एरवी पडदे ओढून. गल्लीला दिसलं असतं तर मान खाली गेली असती. "माझी आई कामावर निघायची," आजी म्हणाली, "ते वरच्या खिडकीत यायचे. आई रस्त्यावरून वर बघायची आणि नुसत्या तोंडाने काहीतरी म्हणायची. आवाजात तिने ते आयुष्यात कधी म्हटलं नाही, आमच्याकडे तशी रीतच नव्हती."

"काय म्हणायची?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक? आम्ही तोंड फिरवायचो." आजीने मला तेव्हा त्यांची रीत सांगितली. जिथे गावातल्या प्रत्येकालाच ओठ वाचता येतात, तिथे कुणाचं काही खासगी राहणार कसं? म्हणून दोन माणसं आपलं आपलं बोलतायत असं दिसलं की दुसऱ्याने तोंड फिरवायचं. लहान पोरांना हे बूट घालायच्या आधी शिकवायचे.

मी हे अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "व्हय, आमच्यातबी तसंच." आणि चहाचा कप खाली ठेवून आपणहून बोलायला लागले, आजीकडे बघत. मी इंग्रजीत सांगत होते.

"हिची आई नवी नवी शेडात आली तवा कांडी मशीनवर, पार टोकाला. मी माझ्या मागावर. महिनाभर नुसतं बघत हुतो. मग एक दिवस धीर केला. हितनंच विचारलं, तोंडानं. माझ्याशी लगीन करशील का म्हणून."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या घरात लग्नाची गोष्ट म्हणजे 'थोरल्या काकांनी जमवलं' एवढीच.

"तिनं कानामागं हात नेला. 'काय?' म्हणली. मी परत विचारलं. परत 'काय?' तिसऱ्यांदा विचारलं, तरी 'काय?' शेडातल्या समद्यांनी तोंडं फिरवलीवती, पण पाठी हलत हुत्या हसून. शेवटी सुट्टी झाल्यावर भाईर चहाच्या गाड्यावर विचारावं लागलं. आवाजात. आणि मला कुठला बारीक आवाज काढता येतोय! आख्ख्या चौकानं ऐकलं. तर ही म्हणती, एवढं वरडायला काय झालं, करते की."

आजी वॉकरवर थाप मारून हसली. मीही हसत होते.

"मग मी जलमभर तिला विचारत हुतो," अण्णा म्हणाले, "शेडात कळलं हुतं न्हवं तुला? मुद्दाम चौकात वरडायला लावलंस न्हवं? तर कायम एकच. न्हाई बाई, मला न्हवतं कळलं. शेवटपतोर कबूल झाली न्हाई."

मी भाषांतर करायची थांबले.

अण्णा आता आजीकडे बघत नव्हते. रस्त्याकडे बघत होते. "दवाखान्यातबी विचारलं मी. म्हटलं, आता तरी सांग. ती बोलली. त्या मास्कच्या आत ओठ हलत हुते. आत वाफ धरलीवती, काय दिसंना मला. तिनं काढाय बघितलं, तर पोरांनी काढू दिलं न्हाई. त्यांचं बरोबर हाय, श्वासाचं हुतं. पण काय म्हणली ती, ते ऱ्हायलंच."

म्हणजे फोनवरचं ते 'बरं, बरं' ह्यांना काहीएक ऐकू न येता म्हटलेलं होतं, फोनवर ते सगळ्यांनाच म्हणतात तसं. निरोप पोचलाच नव्हता. दीड वर्ष तो माझ्याकडेच पडून होता आणि मी ह्या माणसावर रुसून बसले होते. आणि मास्कला हात लावू नकोस म्हणून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं होतं? मीच.

आजीला मराठीचा एक शब्द कळत नाही. पण तिने माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, दोन्ही हातांनी वॉकर धरून हळूहळू उठली आणि सगळा वॉकर वळवून आमच्याकडे पाठ करून बसली. समोरच्या घराच्या गवताकडे बघत.

मी खुर्ची पुढे ओढली. अण्णांच्या कोपराला बोट लावलं. त्यांनी वळून बघितलं. मी तोंड उजेडात आणलं. माझे ओठ थरथरत होते, तसं चालणार नव्हतं, म्हणून थोडी थांबले. मग आवाज न काढता म्हटलं, आईचं. दवाखान्यातलं. तिने मला फोनवर सांगितलं होतं, तुम्हाला सांगायला.

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी आईच्याच बोलीत म्हटलं, सावकाश. "मला कळलं हुतं. पयल्यांदाच कळलं हुतं."

मग त्यांचा हात वर आला आणि कानामागे गेला.

"काय?" ते म्हणाले.

मला वाटलं, माझंच चुकलं, तोंड नीट झालं नाही. मी पुन्हा म्हटलं, आणखी सावकाश, एकेक अक्षर. मला कळलं हुतं. पयल्यांदाच.

"काय?"

मी तिसऱ्यांदा सांगितलं. अण्णांचा हात तसाच कानामागे होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तुटका दात दिसेपर्यंत ते हसत होते. त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं.

"काय?" ते म्हणाले.

मी चौथ्यांदा सांगितलं.